लेपाखालचं मीठ

मास्तरांच्या कारखान्यात चपला घालून शिरलं तरी चालायचं, पण हात न धुता बोर्डाला शिवलेलं चालायचं नाही. कारखाना कसला, दोन खोल्या आणि मधे एक काच. अलीकडे मास्तर, डोळ्याला भिंग लावून. पलीकडे लेपवाली. पाण्याचे पंप, बर्फाच्या पेट्या, होड्यांवरचे रेडिओ, वजनकाटे, जिथे म्हणून विजेची आणि ओलीची गाठ पडते तिथले सर्किट बोर्ड तिच्या टेबलावर यायचे. ती ते धुवायची, कोमट भट्टीत सुकवायची, वायरी जोडायची तोंडं चिकटपट्टीने झाकायची आणि मग मऊ ब्रशने तो पारदर्शक द्रव फासायची. सुकला की साईसारखा बसायचा. मग त्यावर वाफ सोडा, खारा वारा घाला, आत काही शिरत नसे.

"आत शिरत नाही हे खरं," मास्तर म्हणायचे, "पण आतलं बाहेरही येत नाही, बाई. लेपाखाली घामाचा एक ठसा राहिला तरी तो तिथेच बसून ओल ओढतो आणि बोर्ड कुरतडतो. वरून लग्नातला नवरदेव, आतून वाळवी. म्हणून आधी हात धुवायचे, मग देवाचं नाव घ्यायचं, मग ब्रश उचलायचा."

सगळ्यात शेवटी जांभळा दिवा. त्या द्रवात असं काही मिसळलेलं असे की दिव्याखाली धरलं की लेप निळा उजळायचा, आणि जिथे नीट धरला नसेल तिथे काळा डाग दिसायचा. मास्तर त्या दिव्याला देवाचा डोळा म्हणत. लेपवालीने त्या डोळ्याला कधी चुकवलं नव्हतं. एकदाच चुकवलं, आणि का चुकवलं ते ऐकण्यासारखं आहे.

तिचा नवरा मासळीबाजारात वजन करायचा. बाजार त्याला सरळकाटा म्हणायचा. मासा नुसता हातावर तोलून तो वजन सांगे, मग काट्यावर ठेवी, आणि आकडा असा यायचा की गिऱ्हाईक काट्याकडे न बघता त्याच्याकडेच बघून हसायचं. घरीही तेच. भोपळा उचलला की वजन, उशी उचलली की वजन. बायकोचा हात हातात घेतला तरी म्हणायचा, "या आठवड्यात पावभर उतरलीस. कारखान्यात जेवतेस ना नीट?"

तो ज्याच्या गाळ्यावर बसायचा तो अडत्या त्याचा धाकटा मावसभाऊ. लहानपणी ह्याच्याच खांद्यावर बसून त्याने बाजार पाहिला, ह्याच्याच हाताखाली मासळी ओळखायला शिकला, आणि पुढे होड्यांचा माल स्वतः घेऊ लागल्यावर ह्यालाच आपल्या काट्यापाशी बसवला. तोंडात सदा 'दादा, दादा'. साखर इतकी की मुंग्या लागाव्यात.

एका दमट हंगामात तो काटा सरकू लागला. ताटावर काही नसताना आकडा हळूच वर चढायचा. सरळकाट्याने अडत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "काटा जास्त दाखवतोय. दुरुस्तीला टाक."

"हंगाम आहे दादा. चालव. मग बघू."

चालवलं. एक दिवस एका गिऱ्हाइकाने घेतलेली मासळी दुसऱ्या गाळ्यावर मोजून पाहिली आणि कमी भरली. गर्दी जमली. त्या बाजारात वजनात खोट सापडली की गाळ्यावरच्या काट्याचं ताट सगळ्यांसमोर उलटं करायचं, आणि मोजणाऱ्याने परत त्या बाजारात ताटाला शिवायचं नाही, असा दंडक होता. सरळकाटा भावाकडे बघत राहिला, की आता हा सांगेल. भावाने सांगितलंच. "काटा कधी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "हात बोलतो." आणि दुसऱ्या कुणी करायच्या आत स्वतःच ताट उलटं केलं. लोक म्हणाले, न्याय असावा तर असा, सख्ख्यासारख्या भावाचीही गय केली नाही.

सरळकाटा घरी आला, रबरी कापडाचा एप्रन दारामागच्या खुंटीला अडकवला आणि पुन्हा काढला नाही. घरातलं सगळं करायचा, भांडी, केर, स्वयंपाक. पण भोपळा उचलायचा आणि गप्प ठेवून द्यायचा.

लेपवाली तेव्हा लेपवाली नव्हती. घर चालवायला म्हणून ती मास्तरांकडे लागली, आणि पहिल्याच धड्याला तिला कळलं की ओल शिरली की वजनकाटा सरकतो, त्यात हाताचा संबंध नाही. धावत घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "तुमचा हात नव्हता. ओल होती."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्यालाही माहीत आहे."

एवढंच बोलला आणि तांदूळ निवडायला बसला. ते शांत बसणं तिच्या काळजात रुतलं. ती देवभोळी बाई. सकाळी दिवा लावल्याशिवाय घोटभर पाणी घेत नसे. पण त्या दिवसापासून ती देवाकडे एकच मागू लागली, की तो अडत्या काट्यापाशी उभा असताना त्याचं ताट उलटं होऊ दे आणि मला ते बघायला मिळू दे. देवाकडे असलं मागू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती ते हळू आवाजात मागायची.

देव हळू आवाजातलंही ऐकतो, ही त्याची जुनी खोड.

एका सकाळी अडत्या कारखान्यात आला, हातात नवा कोरा काटा, वरचं झाकण उघडलेलं. मास्तरांशी बोलून झाल्यावर काचेपलीकडे डोकावला.

"वहिनी, तुमच्या हातचा लेप पाहिजे बरं का. खारं पाणी उडतं, बर्फाची वाफ असते. घरचं माणूस असताना बाहेर कशाला जाऊ?"

"बरोबर आहे, भाऊजी. घरच्या माणसाचं घरच्या माणसालाच कळतं."

"दादा कसा आहे?"

"मजेत. भांडी लखलखीत घासतात."

अडत्या हसला, जसं काही ते ऐकायलाच आला होता. "हल्ली काट्यापाशी मीच उभा राहतो. माणसं ठेवून बघितली. विश्वास कुणावर ठेवायचा सांगा?"

"तेही खरंच," ती म्हणाली.  स्वतः उभा राहतो म्हणतोय. देवाने ताट वाढून पुढे ठेवलं होतं, आता घास तेवढा घ्यायचा होता.

त्या संध्याकाळी नवरा बाजूच्या खोलीत असताना ती दारामागच्या खुंटीपाशी गेली. एप्रनच्या काठाला जुन्या खाऱ्या पाण्याची पांढरी खपली धरली होती, इतकी वर्षं कुणी झाडली नव्हती. तिने ती नखाने खरवडली आणि चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत बांधलं. बाजारातून आणलेलं मीठ तिला नको होतं. ज्याचं गेलं त्याचंच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी तिने काट्याचा बोर्ड धुतला, सुकवला, तोंडं झाकली, सगळं नेहमीसारखं. मग हातमोजा काढला. उजवा अंगठा ओला करून पुडीत टेकवला, आणि ताटाखालच्या वायरी जिथे येऊन मिळतात, जिथे यंत्र वजन चाचपतं, नेमक्या त्या जागी दाबून धरला. त्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, चिकटपट्टी कापताना पातं लागलेलं. वरून ब्रश फिरवला. लेप जरा कुरकुरला, त्या जागेवरून मागे सरला, तेव्हा तिने दुसरा हात दाट दिला. बोर्ड आरशासारखा झाला.

काचेवर टकटक झाली. "दिव्याखाली पाहिलं?" मास्तरांनी विचारलं.

"पाहिलं."

मिठाचं तिला काही वाटलं नव्हतं. ह्या एका शब्दाने मात्र जीभ कडू झाली.

काटा गेला. लेपवाली बाजारात चक्कर मारायची, लांबून. अडत्या ताटामागे उभा, हसतोय, मोजतोय, हात पुसतोय. ती मनात म्हणायची, मोज बाबा, मोज. मीठ आपलं काम करतंय. अशी वाट तिने लेकराच्या पावलांचीही पाहिली नसती. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय गं, स्वारी खुशीत?" ती म्हणाली, "हवा छान दमट आहे."

मग एक दिवस अडत्या पुन्हा कारखान्यात आला. ती काचेमागेच होती, ब्रश हातात तसाच राहिला.

"मास्तर, तो काटा दुपारचा जरा सरकतो."

"किती?"

"थोडाच. गिऱ्हाइकाला कळण्याजोगा नाही."

"आणून टाका. उघडून बघतो."

"आणतो ना," अडत्या म्हणाला आणि गेला.

आणला नाही. लेपवालीला आनंदाने घास उतरेना. लोभी आहेच तो, जास्त दाखवणारा काटा कशाला दुरुस्त करेल. आज ना उद्या पकडला जाईल. ती संध्याकाळी घरी पोचली ती जवळजवळ नाचत, आणि दारातच थबकली. आत अडत्या बसला होता, हातात चहाचा कप. समोर नवरा, दाढी केलेला.

"या वहिनी. दादाला न्यायला आलोय. झालं गेलं विसरायचं. बाजारातल्या मोठ्या लोकांशी मी बोललो, माझ्या जबाबदारीवर उद्यापासून दादाच काट्यापाशी. नवीन काटा आहे, त्याच्याशिवाय शोभत नाही."

खुंटीवर एप्रन नव्हता. मोरीत धुऊन दोरीवर टाकला होता. पाणी अजून ठिबकत होतं.

तिला सगळं एका क्षणात दिसलं. ह्याला काटा बरा करायचा नव्हता. ह्याला एक मान पाहिजे होती, आधीच वाकवलेली. पकडलं गेलंच तर लोक म्हणणार, सवय जाते का. आणि सुरी कुणी धार लावून दिली होती? तिनेच.

तो गेल्यावर ती म्हणाली, "उद्या जाऊ नका."

"का?"

"त्याला तुम्ही नकोत. त्याला बळीचा बकरा पाहिजे."

"तुझा राग मला कळतो," नवरा म्हणाला. "पण रागाच्या उन्हात आपण दोघंही किती सुकायचं? बसू दे मला एकदा. लोकांना एकदा नीट बघू दे." मग त्याने ओट्यावरचा भोपळा उचलला, हातावर जरा झुलवला आणि म्हणाला, "पावणेदोन किलो. देठासकट."

कितीतरी दिवसांनी. आता ह्या माणसाला कसं सांगायचं? तिने तोंड उघडलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

सकाळी तो गेला. ती कारखान्यात आली, हात धुतले, पुन्हा धुतले. ब्रश उचलवेना. शेवटी काचेपलीकडे गेली आणि मास्तरांपुढे उभी राहून सगळं सांगितलं, अंगठ्यासकट.

मास्तरांनी भिंग काढलं. बराच वेळ पुसत राहिले.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

मास्तर उठले. हातात धरायचा छोटा जांभळा दिवा खिशात टाकला, पेचकस घेतला आणि म्हणाले, "चल."

बाजारात पाय ठेवला तेव्हाच गाळ्यापाशी गर्दी दिसली. एप्रन घातलेला सरळकाटा ताटामागे, हातात एक मोठा मासा. समोर खानावळवाली, बाजारातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट गिऱ्हाईक.

"बाई," सरळकाटा सांगत होता, "हे यंत्र जास्त दाखवतंय. माझ्या हातात मासा कमी आहे. ह्या आकड्याने मी देणार नाही."

"अरे मग काय मी अंदाजाने घेऊ?"

अडत्या मागून पुढे आला. आवाज मुद्दाम चढवलेला. "दादा, आल्या दिवशीच सुरू झालं? लोकहो, काटा नवा आहे. लेप दिलेला आहे. कालपर्यंत मी मोजत होतो, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. काटा कधी खोटं बोलत नाही..."

"हात बोलतो," लेपवाली म्हणाली. "थांबलात का, भाऊजी? पुढचं तुम्हाला पाठ आहे."

लोक बाजूला झाले. ती ताटापर्यंत आली. नवऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"ह्या वेळीही हातच आहे," ती म्हणाली. "पण यांचा नाही. माझा."

मास्तरांनी काटा उघडून बोर्ड बाहेर काढला. उजेडात काही दिसेना. तेव्हा तिने नवऱ्याच्या अंगावरचा एप्रन सोडवून घेतला आणि त्या बोर्डावर तंबूसारखा धरला. मास्तरांनी आत दिवा लावला. खानावळवालीने आत डोकं घातलं.

"अगं बाई," ती आतून म्हणाली. "निळं निळं आभाळ, आणि मधे काळा अंगठा. आडवी रेघ आहे त्यावर."

लेपवालीने आपला अंगठा वर धरला.

अडत्याला जणू लॉटरी लागली. "ऐकलंत? घरच्या बाईने माझं यंत्र बिघडवलं. मी बिचारा मोजत होतो आणि यंत्रच आतून खोटं बोलत होतं. मला काय माहीत? ओल शिरली, मीठ शिरलं, तर मोजणाऱ्या माणसाचा काय दोष?"

बोलून गेला.  

"काय म्हणालास?" खानावळवालीने एप्रनखालून डोकं काढलं. "परत म्हण."

"म्हणजे... यंत्र खोटं बोलू शकतं. ओलीने."

"मग त्या वेळी का नव्हतं बोलू शकत?"

अडत्याने मास्तरांकडे बघितलं, शिकलेला माणूस काही सावरेल म्हणून. मास्तर बोर्ड कापडात गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "काटा सरकतो म्हणून तुम्ही माझ्याकडे आला होतात. मी म्हटलं, आणून टाका. काटा आणला नाहीत. भावाला आणून बसवलंत."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, त्यात लपता येतं. फक्त मागून कुणीतरी म्हणालं, "ताट."

मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच, दबक्या आवाजात, आरतीला सूर मिळावा तसं. लेपवालीचे हात शिवशिवले. इतके दिवस ह्याच घटकेवर तिने डोळा ठेवला होता. तिने ताटाकडे हात नेला, आणि नवऱ्याने तो मधेच धरला.

"तू नाही."

तिला वाटलं, आता हा भावाला सोडणार. हा असाच आहे, भोळा. पण सरळकाट्याने ताट उचललं, बादलीतल्या पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं, काठसुद्धा, पूर्वी रोज दिवस संपताना पुसायचा तसं. आणि ते लखलखीत ताट दोन्ही हातांनी भावापुढे धरलं.

"तूच कर," तो म्हणाला. "तुला सवय आहे."

अडत्याने ते घेतलं. दुसरं काय करणार. त्याच्या हाताला ते जड झालं होतं, कुणीही सांगितलं असतं. आपल्याच गाळ्यावर, आपल्याच काट्यावर त्याने ते उलटं ठेवलं, आणि ठेवताना वाजलं ते लेपवालीला घंटेसारखं ऐकू आलं. तिने डोळे मिटले नाहीत. सगळं पाहिलं. त्याची खाली गेलेली मान, ओठांवरची साखर पार विरघळलेली. पोटभर पाहिलं.

खानावळवालीने सरळकाट्याला म्हटलं, "उद्यापासून माझा माल तू मोजायचा, कुणाच्याही गाळ्यावर असो." मग लेपवालीकडे वळली. "आणि तू. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. म्हणूनच माझं एकही यंत्र तुझ्या हाती देणार नाही."

"देऊ नका," लेपवाली म्हणाली.

मास्तरांनीही ब्रश काढून घेतला. कामावरून काढलं नाही, धुण्याच्या टेबलावर बसवलं. "नुसते बोर्ड धुवायचे. मी सांगेन तेव्हा ब्रश." तिने मान डोलावली. शिक्षा बरोबर मापाची होती, ना कमी ना जास्त.

संध्याकाळी घरी नवरा मास्तरांकडून साफ करायला मागून आणलेला तो बोर्ड समोर घेऊन बसला, मास्तरांनी दिलेलं लेप काढायचं औषध आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन.  ती उंबऱ्यापाशी उभी.

"मला सांगितलं का नाहीस?" शेवटी त्याने विचारलं.

"तुम्ही भोपळ्याचं वजन सांगितलंत."

तो घासत राहिला. मग म्हणाला, "अंगठा काही जात नाही."

"जाईल. गोल गोल घासा."

"चिवट आहे. घरातलाच दिसतोय." त्याने बोर्ड तळहातावर घेतला, झुलवला, डोळे किलकिले केले. "मीठ कुठलं वापरलंस?"

"तुमच्या एप्रनचं."

 बोर्ड खाली ठेवताना तो हसला, हे तिने पाहिलं, आणि घासायला दुसरा ब्रश घेऊन ती त्याच्याशेजारी बसली.

दुसऱ्या सकाळी तिने दिवा लावला. मिठाची माफी मागितली. मास्तरांशी खोटं बोलले त्याची मागितली, नवऱ्याला एक अख्खी रात्र धोक्यात ठेवलं त्याची नाक घासून मागितली. उलट्या ताटाची मागितली नाही. उलट त्याबद्दल हात जोडले, आणि ह्या वेळी आवाज हळू केला नाही.